दगडावरची तारीख वाचायला शिका, मग माया नगरं बघायला जा

मेक्सिकोतल्या कानकूनच्या हॉटेलातून सकाळी बस निघते, अडीच-तीन तासांनी चिचेन इत्सा या जुन्या माया नगराला पोहोचते. गाइड सांगतो की पिरॅमिडच्या चारही बाजूंच्या आणि माथ्यावरची एक मिळून ३६५ पायऱ्या आहेत, इथे नरबळी देत, आणि टाळी वाजवली की पिरॅमिडवरून पक्ष्याच्या आवाजासारखा प्रतिध्वनी येतो. लोक टाळ्या वाजवतात, फोटो काढतात आणि परततात. अमेरिकेत राहणारी बरीच मराठी कुटुंबंही सुट्टीत हाच फेरफटका करतात. त्यांनी ऐकलेलं यातलं काहीच खोटं नसतं. पण माया नगरांचं खरं वैशिष्ट्य त्यात येतच नाही. ही नगरं लिहिलेली आहेत. कोणता राजा कधी जन्मला, कधी गादीवर बसला, कोणाला हरवलं, कोणाकडून हरला, हे सगळं तिथल्या दगडांवर दिवसासकट कोरलेलं आहे. त्यातला निदान तारखेचा भाग कोणालाही तासाभरात शिकता येतो. तो आला की या अवशेषांमधून फिरण्याची रीतच बदलते, म्हणून आधी तेच समजून घेऊ.

आधी जागा आणि काळ. दक्षिण मेक्सिको, ग्वाटेमाला, बेलीझ आणि होंडुरास-एल साल्वादोरचा पश्चिम भाग हा माया प्रदेश. तिथे कधीच एक साम्राज्य नव्हतं. डझनावारी छोटी-मोठी राज्यं होती, त्यांची आपसात लग्नं होत आणि लढायाही. प्रवासी जे बघायला जातात त्यातलं बहुतेक इ.स. २५० ते ९०० या काळातलं आहे. जड ओझी वाहणारी जनावरं नाहीत, गाड्या नाहीत, धातूची हत्यारं नाहीत. चुनखडीचा दगड दगडानेच घडवायचा, तोच भाजून चुना करायचा आणि गिलावा द्यायचा, अशी ही बांधकामं. आज करडी दिसणारी देवळं तेव्हा बहुतांशी लाल रंगवलेली होती.

आता आकडे. एक ठिपका म्हणजे एक, एक आडवी किंवा उभी काठी म्हणजे पाच. दोन काठ्या आणि तीन ठिपके म्हणजे तेरा. इतकंच. मात्र एक खोच लक्षात ठेवावी लागते. जागा मोकळी राहू नये म्हणून कोरणारे कारागीर ठिपक्याच्या शेजारी छोट्या चंद्रकोरी किंवा फुल्या भरत. त्या शोभेच्या, मोजायच्या नाहीत. मधे एक गोल ठिपका आणि दोन्हीकडे चंद्रकोरी असतील तर तो आकडा तीन नव्हे, एक. शून्यासाठीही त्यांच्याकडे स्वतंत्र चिन्ह होतं, आणि ते त्यांनी भारताशी काही संबंध नसताना स्वतः शोधलं होतं.

या आकड्यांनी ते दिवस मोजत. एक दिवस म्हणजे किन. वीस किनांचा एक विनाल. अठरा विनालांचा, म्हणजे ३६० दिवसांचा एक तुन. वीस तुनांचा कातुन, म्हणजे ७,२०० दिवस. वीस कातुनांचा बाक्तुन, म्हणजे १,४४,००० दिवस. उंच शिळास्तंभावर, ज्याला तिथे स्तेला म्हणतात, सगळ्यात वर एक मोठं चिन्ह असतं. ‘आता तारीख येते आहे’ अशी ती सूचना. त्याखाली बाक्तुनापासून किनापर्यंत पाच चौकोन, प्रत्येकाला आपापला आकडा. दक्षिण मेक्सिकोतल्या पालेंके नगराचा प्रसिद्ध राजा पाकाल गादीवर बसला ती तारीख ९.९.२.४.८ आहे. गुणाकार करून पाहा: १२,९६,००० अधिक ६४,८०० अधिक ७२० अधिक ८० अधिक ८. बेरीज १३,६१,६०८. इतके दिवस एका ठरावीक आरंभदिवसापासून लोटले. तो आरंभदिवस आपल्या आजच्या कॅलेंडरप्रमाणे इ.स.पू. ३११४ मधला ११ ऑगस्ट, असं अभ्यासकांनी बसवलेलं आहे. म्हणजे पाकाल गादीवर आला जुलै ६१५ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी.

आपल्याकडच्या वाचकाला ही पद्धत परकी वाटू नये. भारतीय ज्योतिषी कलियुगाच्या आरंभापासून, म्हणजे इ.स.पू. ३१०२ पासून लोटलेले दिवस मोजत, त्याला अहर्गण म्हणतात. ही दोन आरंभवर्षं इतकी जवळ आहेत की त्यावरून दोन्ही संस्कृतींचं नातं जोडणारे मजकूर फोनवर फिरत असतात. तसं काही नाही. दोन्हीकडच्या विद्वानांनी आपापल्या हिशेबाने मागे जाऊन आरंभ ठरवला, तारखा जवळ आल्या हा योगायोग.

या लांब मोजणीच्या जोडीला आणखी दोन चक्रं चालत. एक २६० दिवसांचं: एक ते तेरा आकडे आणि वीस दिवसनामं, दोन्ही रोज एकेक पुढे सरकतात. दुसरं ३६५ दिवसांचं: वीस दिवसांचे अठरा महिने आणि वर पाच दिवस. पाकालच्या राज्यारोहणाचा दिवस ‘५ लमात, १ मोल’ असा पडतो. ही जोडी पुन्हा यायला ५२ वर्षं लागतात. आपल्या साठ संवत्सरांसारखंच हे: नुसतं ‘प्रभव’ म्हटलं तर कोणतं प्रभव ते कळत नाही, शके सांगावं लागतं. जुन्या शिलालेखात शक, संवत्सर, तिथी, वार सगळं असलं की इतिहासकार एकाचा दुसऱ्याशी ताळा घेऊन तारीख पक्की करतात. माया लेखांतही झिजलेला आकडा असाच उरलेल्या चक्रांवरून भरून काढता येतो.

२०१२ च्या जगबुडीचा बोभाटाही यातूनच आला होता. २१ डिसेंबर २०१२ ला तेरावा बाक्तुन पुरा होऊन मोजणी १३.०.०.०.० वर आली. दुसऱ्या दिवशी ती १३.०.०.०.१ झाली. पालेंकेच्या एका लेखात तर पाकालच्या राज्यारोहणाशी जोडून थेट इ.स. ४७७२ मधली तारीख दिली आहे. जग २०१२ ला संपणार असं मानणाऱ्या लोकांनी ती कोरली नसती.

प्रत्यक्षात हे कुठे बघायचं? जंगलात उभ्या स्तेलेपाशी गेलात की आधी वरचा आकडा शोधा. इ.स. ४३५ ते ८३० या सगळ्या काळात बाक्तुनाचा आकडा नऊच होता. म्हणून वरच्या भागात एक काठी आणि चार ठिपके सापडले की समजा, तारखेचा आरंभ हाती लागला. ग्वाटेमालातल्या किरिग्वा या छोट्या, तुलनेने रिकाम्या स्थळी मला वाटतं सरावाला सगळ्यात चांगली सोय आहे. तिथला ‘ई’ नावाचा स्तेला जमिनीवर सुमारे साडेसात मीटर दिसतो, जमिनीतला भाग धरून साडेदहा मीटर; माया प्रदेशातला हा सर्वांत उंच कोरीव दगड. त्यावर ९.१७.०.०.० ही तारीख आहे, जानेवारी ७७१. शेजारच्या ‘सी’ स्तेलेवर खुद्द आरंभदिवस कोरला आहे: ४ अहाव, ८ कुमकु. त्या दिवशी देवांनी तीन दगड मांडले, असं तो लेख सांगतो.

त्याच ९.१७.०.०.० चा दुसरा साक्षी ग्वाटेमालातल्याच तिकाल या मोठ्या नगरात आहे. तिकालचे राजे कातुन पुरा झाला, म्हणजे साधारण वीस वर्षं झाली, की दोन सारखे जुळे पिरॅमिड समोरासमोर बांधत आणि उत्तरेला एका बिनछपराच्या कोठडीत स्तेला उभा करत. यातल्या ‘क्यू’ संकुलातला २२ क्रमांकाचा स्तेला प्रवेशापासून फार लांब नाही. बहुतेक लोक मुख्य चौकाच्या ओढीने तिथून पुढे जातात. थांबा. इथे पाच आकड्यांची पूर्ण तारीख नाही, आखूड लिहिलं आहे: १३ अहाव, १८ कुमकु, सतरावा कातुन पुरा. राजा हातातून दाणे टाकतो आहे आणि त्याचा चेहरा कोणीतरी घाव घालून फोडलेला आहे. किरिग्वा आणि तिकाल एकमेकांपासून सव्वादोनशे किलोमीटरवर, राज्यं वेगळी. पण दोन्हीकडच्या राजांनी एकच दिवस साजरा केला.

तारखेच्या पुढे येतात माणसं, आणि तिथे लिपी लागते. ही लिपी वाचायला एवढा वेळ का लागला ती गोष्ट मराठी माणसाला पटकन कळेल, कारण आपणही अक्षरांनी लिहितो, सुट्या व्यंजनांनी नाही. मेक्सिकोतल्या युकातान द्वीपकल्पात आलेल्या दिएगो दे लांदा या पाद्र्याने १५६२ मध्ये मानी गावी माया पोथ्या जाळल्या. आज खात्रीच्या अशा चारच पोथ्या शिल्लक आहेत. त्याच लांदाने पुढे एका जाणकार माया माणसाला बसवून ‘तुमची ए-बी-सी लिहून दे’ म्हटलं. स्पॅनिशमध्ये ‘बी’ या अक्षराचं नाव ‘बे’. त्या माणसाने निमूटपणे ‘बे’ या उच्चाराचं चिन्ह काढून दिलं. लांदाला वाटलं, वर्णमाला मिळाली. ती यादी नंतरच्या अनेकांना चक्रावून गेली, कारण तिने काहीच वाचता येईना.

१९५२ मध्ये युरी क्नोरोझोव या रशियन संशोधकाने ती यादी अक्षरांची आहे असं धरून पाहिलं. पोथीत टर्कीच्या चित्रावर दोन चिन्हं होती. पहिलं लांदाच्या यादीतलं ‘कु’. टर्कीला माया भाषेत ‘कुत्स’ म्हणतात, म्हणजे दुसरं ‘त्सु’ असणार. मग कुत्र्याच्या चित्रावर पाहिलं तर तेच ‘त्सु’ आणि पुढे यादीतलं ‘लु’. कुत्रा म्हणजे ‘त्सुल’. शेवटचा स्वर लिहायचा पण उच्चारायचा नाही, ही रीत. आपण ‘घर’ लिहितो आणि शेवटचा अ गाळून वाचतो, त्यामुळे आपल्याला त्यात काही अवघड नाही. शिवाय लेखकाला मुभा होती: वाघासारख्या हग्वाराला (म्हणजे जॅग्वारला) ‘बालाम’ म्हणतात, तर त्याचं डोकंच काढा, किंवा बा-ला-मा अशी तीन अक्षरं लिहा, किंवा डोकं काढून शेजारी ‘बा’ लावा. लेख दोन-दोन रकान्यांच्या जोडीने वाचायचा: डावा चौकोन, उजवा चौकोन, मग खालची ओळ.

यानंतर १९६० मध्ये तातियाना प्रोस्कुरियाकोफ या संशोधिकेने पिएद्रास नेग्रास या माया नगरातल्या स्तेलांवरच्या तारखा गटागटाने मांडून दाखवलं की प्रत्येक गटाचा काळ एका माणसाच्या आयुष्यात मावतो. जन्म, राज्यारोहण, मृत्यू. तोवर मोठमोठे विद्वान धरून चालले होते की या लेखांत फक्त ज्योतिष आहे. मला या सगळ्या शोधकथेत हा क्षण सर्वांत मोठा वाटतो. तारखांखाली हाडामांसाची माणसं आहेत हे त्या एका शोधनिबंधाने सिद्ध झालं.

ती माणसं भेटायला होंडुरासमधल्या कोपानला जावं. तिथला ‘क्यू’ नावाचा चौकोनी दगड ७७६ मध्ये सोळाव्या राजाने बसवला. चार बाजू, प्रत्येक बाजूला चार राजे, असे सोळाही जण ओळीने बसलेले आहेत. जवळजवळ सगळे आपापल्या नावाच्या चिन्हावर बसले आहेत, म्हणजे आसन हीच त्यांची नावाची पाटी. समोरच्या बाजूला ४२६ मध्ये घराणं स्थापन करणारा याश कुक मो स्वतः सोळाव्याच्या हाती राजचिन्ह देतो आहे. दोघांमध्ये साडेतीनशे वर्षांचं अंतर आहे. जवळच्या एका खड्ड्यात पंधरा हग्वारांची हाडं सापडली, आधीच्या पंधरा राजांसाठी पंधरा. नगराचं चिन्हही इथे शिकून घ्या: कोपानचं आहे वटवाघळाचं डोकं. ते दुसऱ्या गावच्या लेखात दिसलं की तिथे कोपानची काहीतरी बातमी आहे. किरिग्वाला ती बातमी अशी आहे की ७३८ मध्ये तिथल्या मांडलिक राजाने कोपानच्या तेराव्या राजाला पकडून त्याचा शिरच्छेद केला. किरिग्वाचे ते अवाढव्य स्तेले या विजयानंतरचे आहेत. हे माहीत असलं की त्यांची उंची वेगळ्याच अर्थाने कळते.

कोपानला उघड्यावरचा ‘क्यू’ दगड ही प्रतिकृती आहे, मूळ तिथल्याच शिल्पसंग्रहालयात. बऱ्याच स्थळी असंच असतं, त्यामुळे संग्रहालय शेवटी वेळ उरला तर, असं ठेवू नका. कोपानच्या संग्रहालयात रोसालिला या देवळाची मूळ आकाराची, रंगवलेली प्रतिकृती आहे. खरं रोसालिला नंतरच्या पिरॅमिडच्या पोटात तसंच पुरलेलं आहे. जुनं देऊळ न पाडता त्यावर नवं बांधायची माया रीत होती, म्हणून एका पिरॅमिडमध्ये चार-पाच असू शकतात.

पालेंकेला पाकालची समाधी ‘लेखांच्या देवळा’खाली आहे. पुरातत्त्वज्ञ आल्बेर्तो रुस यांनी देवळाच्या फरशीतली भोकं असलेली शिळा उचलली, दगडमातीने भरलेला जिना काही वर्षं उपसला आणि १९५२ मध्ये ते खाली पोहोचले. प्रवाशांना तिथे उतरता येत नाही, पण संग्रहालयात शवपेटीच्या झाकणाची प्रतिकृती आहे. हे तेच झाकण, ज्यावर अंतराळवीर असल्याचं सांगितलं जातं. नीट पाहा: पाकालच्या खाली पाताळाचा उघडा जबडा, पाठीमागून वर गेलेला विश्ववृक्ष, शेंड्यावर पक्षी. राजाचा मृत्यू आणि पुन्हा उगवणं यांचं ते चित्र आहे आणि बाजूंवर त्याच्या पूर्वजांची नावं लिहिलेली आहेत. ज्यांनी आपली ओळख इतक्या काळजीने लिहून ठेवली त्यांचं श्रेय परग्रहावरच्यांना देणं मला अतिशय खटकतं. राजवाड्यात एक लंबगोल शिल्प आहे: दोन तोंडांच्या हग्वाराच्या आसनावर पाकाल बसला आहे आणि त्याची आई साक कुक त्याला मुकुट देते आहे. दागिने आईच्या अंगावर अधिक आहेत.

याशचिलानला जायला उसुमासिन्ता नदीतून होडी करावी लागते, पलीकडचा काठ ग्वाटेमालाचा. इथे शिल्पं दारांच्या वरच्या पट्टीला, खालच्या अंगाला कोरलेली आहेत. दारात उभं राहून मान वर करायची आणि बॅटरीचा उजेड तिरका टाकायचा. काही पट्ट्या जागेवर नाहीत. शोक नावाची राणी जिभेतून काटेरी दोरी ओढून रक्त अर्पण करते आहे ती ७०९ सालची जगप्रसिद्ध पट्टी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिरका उजेड सगळीकडेच लागतो. भर दुपारी झिजलेला लेख सपाट दिसतो, सकाळी लवकर किंवा चारनंतर तोच उठून येतो.

चिचेन इत्सा या सगळ्यांपेक्षा उशिराचं आणि वेगळ्या घडणीचं. तिथे राजांच्या नावांचे स्तेले फारसे नाहीत, म्हणून वाचायचा नाद लागलेल्याची तिथे थोडी निराशा होते. चेंडूचं मैदान मात्र १६८ मीटर लांब आहे, एवढं दुसरीकडे कुठे नाही. मोठ्या पिरॅमिडवर आता चढू देत नाहीत. गर्दी टाळायची असेल तर आदल्या रात्री वायादोलिदला मुक्काम करून दार उघडताना आत शिरा, कानकूनच्या बसेस दहा-अकराच्या पुढे येतात.

‘मग हे लोक गेले कुठे?’ हा प्रश्न प्रत्येक सहलीत निघतो. ते कुठेच गेले नाहीत. नवव्या शतकात दक्षिणेकडच्या सखल भागातली राज्यं एकामागून एक मोडली. तळ्यातल्या गाळावरून आणि गुहांतल्या चुन्याच्या थरांवरून त्या काळात दीर्घ अवर्षणं पडल्याचं दिसतं. लढाया वाढल्या होत्या, आणि पाऊस आणून दाखवणं हा राजाचा दावा असे, तोच फोल ठरला. लांब मोजणीची शेवटची ज्ञात तारीख तोनिना या माया नगरातल्या एका दगडावर आहे, इ.स. ९०९. पण उत्तरेकडे चिचेन इत्सा भरभराटीला होतं, आणि शेवटचं स्वतंत्र माया राज्य स्पॅनिशांनी घेतलं ते १६९७ मध्ये, शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर २३ वर्षांनी. मेक्सिकोत आज सात लाखांहून अधिक लोक युकातेक माया बोलतात आणि ग्वाटेमालात २२ माया भाषांना मान्यता आहे. तिथल्या १९६० ते १९९६ च्या यादवीत मारल्या गेलेल्यांत बहुसंख्य माया होते. तेव्हा गाइडला ‘माया लोक होते’ असं म्हणू नका, कदाचित तो स्वतःच माया असेल. स्थानिक माया गाइडच घ्या. त्याच्या घरच्या भाषेतले शब्द त्या दगडांवरच्या शब्दांचे जवळचे नातेवाईक आहेत.

बाकी व्यवहाराचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा बरी असते. एप्रिल-मे मध्ये उकाडा जीव काढतो आणि जून ते ऑक्टोबर पावसाचे, डासांचे दिवस. अमेरिकेचा चालू व्हिसा असलेल्या भारतीय पासपोर्टधारकाला मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, तरी निघण्याआधी दूतावासाचं पान पाहूनच तिकीट काढा. शाकाहाऱ्यांनी मक्याच्या तोर्तिया आणि काळ्या घेवड्यावर भरवसा ठेवावा, मात्र घेवडा बऱ्याचदा डुकराच्या चरबीत शिजवतात, म्हणून ‘सिन मांतेका’ म्हणून विचारून घ्यावं. पालेंके, याशचिलान आणि बोनामपाक एका तळावरून होतात. तिकाल फ्लोरेसहून दीड-दोन तासांवर. कोपान आणि किरिग्वा सीमेच्या दोन बाजूंना असले तरी जोडीनेच करावेत. आठ दिवस हातात असतील तर यातला एकच गट निवडा, सगळा प्रदेश पायाखाली घालायच्या नादात स्तेलेसमोर उभं राहायला वेळ उरत नाही.

आणि ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात, मोमोस्तेनांगोच्या बाजूला गेलात तर २६० दिवसांची मोजणी आजही चालू आहे. दिवस राखणारे लोक तिथे आहेत, लोक त्यांना मुहूर्त विचारतात, ‘८ बात्स’ या दिवशी मोठी पूजा होते. पूजा चालू असेल तर लांब उभे राहा, आणि विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नका.